पंचनाम्यात वर्षांचा रकाना घाला

प्रति,
हवामान परिषदेत भारताची बाजू मांडणारे शिष्टमंडळ
आणि
मदत व पुनर्वसन विभाग, महाराष्ट्र शासन

विषय : हवामान बदलामुळे होणारी हानी मोजण्याची पद्धत

सविनय नमस्कार.

श्रीवर्धन तालुक्यात समुद्रकाठाला आमची चौदा गुंठ्यांची वाडी, म्हणजे झाडांची बाग, आहे. पोफळी म्हणजे सुपारीची झाडं, माड म्हणजे नारळ, मधे जायफळाची चार झाडं, पोफळींवर चढवलेल्या मिरवेली (मिरीचे वेल), पाटाच्या कडेने केळी. सासूबाईंच्या हाताखाली मी हे काम शिकले आणि त्या गेल्यापासून वाडी मीच करते. हे पत्र एकाच वेळी दोन ठिकाणी लिहिते आहे. तुमच्यातले एक जगाकडे आमच्या नुकसानीचा हिशेब मागायला जातात आणि दुसरे आमच्या दारात येऊन तो हिशेब लिहून घेतात. पण हिशेब लिहायचा कागद एकच आहे, आणि त्या कागदात एक रकाना कमी आहे. तेवढ्यासाठी हे सगळं लिहिते आहे.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ते अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडून आत शिरलं, वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर आणि झोत १३० पर्यंत होता, असं हवामान खात्याने सांगितलं. आम्ही पाहिलं ते एवढंच, की वाऱ्यात पोफळ वाकते आणि परत उभी राहते हा आमच्या घरातल्या चार पिढ्यांचा अनुभव त्या दिवशी खोटा ठरला. वाकलेली पोफळ परत आली नाही, कमरेतून काडकन मोडली. पहिल्या दहा-बारा झाडांचे आवाज वेगवेगळे ऐकू आले, नंतर सगळा एकच आवाज झाला. चार वाजता वारा पडला तेव्हा मी पडवीत आले आणि समोर समुद्र दिसला. या घरात लग्न करून आल्यापासून पडवीतून मला कधी समुद्र दिसला नव्हता. मधे वाडी होती.

पंचनामा अकराव्या दिवशी झाला. टाळेबंदी चालू, वीज नाही, फोन लागत नाहीत, रस्त्यात झाडं आडवी, अशात तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक चालत आले. त्या तिघांबद्दल माझी काडीची तक्रार नाही. भर उन्हात त्यांनी एकेक बुंधा मोजला. मोजलेलं झाड दुसऱ्यांदा मोजलं जाऊ नये म्हणून मी आणि शेजारच्या वहिनी पुढे जाऊन पडलेल्या बुंध्यांना सुतळी बांधत होतो. एकशे साठ पोफळी आणि पाच माड भरले. वादळाआधी पोफळी दोनशे साठ होत्या. फॉर्मवर नाव, गट नंबर, क्षेत्र, पीक, बाधित क्षेत्र, टक्केवारी, सही असे रकाने होते. तेहतीस टक्क्यांच्या वर नुकसान असलं तर मदतीला पात्र. आम्ही पात्र ठरलो.

मग दर आला. फळबागेला आधीच्या निकषाने हेक्टरी १८,००० होते, ते राज्याने वाढवून ५०,००० केले. वर्तमानपत्रात आकडा मोठा दिसला. पण हेक्टर म्हणजे शंभर गुंठे, त्या हिशेबाने गुंठ्याला पाचशे रुपये पडले. कोकणातल्या वाड्या पाच, आठ, फार तर वीस गुंठ्यांच्या. विदर्भातल्या संत्र्याच्या बागेचं माप आमच्या वाडीला लावलं की असं होतं. बोंबाबोंब झाली तेव्हा झाडागणिक दर ठरला. पोफळीला ५० रुपये, माडाला २५०. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं, तेव्हाही हेच दर होते. मोडलेली पोफळ कापून, ओढून वाडीबाहेर काढायला मला झाडामागे ५० रुपयांपेक्षा जास्त मजुरी द्यावी लागली. तरीही हे पत्र दर वाढवून मागण्यासाठी नाही. दर दुप्पट केलात तरी मी म्हणते ती चूक कागदावर तशीच राहील.

ती चूक कुठे आहे ते वाडीत उभं राहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पोफळीला ऊन सोसत नाही. तिचं डोकं उन्हात असतं, पण बुंधा शेजारणींच्या सावलीत वाढलेला असतो. शेजारच्या झाडांची फळी पडली की दुपारनंतरचं दक्षिण-पश्चिमेचं ऊन थेट बुंध्यावर येतं. आधी हिरव्या बुंध्यावर सोनेरी पिवळा डाग दिसतो. सहा महिन्यांनी तो तपकिरी होतो, मग तिथे उभी चीर पडते, चिरेत पाणी शिरतं, आणि एखाद्या पावसाळ्यात साध्या वाऱ्यानेही झाड तिथूनच मोडतं. निसर्ग वादळात माझ्या शंभर पोफळी उभ्या राहिल्या होत्या. पंचनाम्यात त्या ‘बाधित नाही’ या बाजूला गेल्या. आम्ही झावळ्या बांधून बुंधे झाकले, जमेल तेवढे. तरी २०२१ मध्ये तेरा गेल्या, २०२२ मध्ये सतरा, २०२३ मध्ये नऊ, २०२४ मध्ये सहा. पंचेचाळीस झाडं निसर्ग वादळानेच पाडली, फक्त पडायला त्यांना चार वर्षं लागली. त्यांची नोंद कुठल्याही सरकारी कागदावर नाही. माझ्या वहीत आहे.

नवी रोपं लावली म्हणावं, तर तीही उघड्यावर जगत नाहीत. आधी केळी लावायची, केळीची सावली झाली की तिच्या आडोशाला पोफळीचं रोप. रोप आधी रोपवाटिकेत वर्ष-दीड वर्ष काढून येतं. लावल्यावर पहिलं पीक हाती यायला सहा-सात वर्षं, भरात यायला दहा. मिरवेल चढवायची तर त्याआधी बुंधा तयार पाहिजे. म्हणजे २०२० ला पडलेल्या पोफळीच्या जागी २०२१ ला लावलेलं रोप तिच्याएवढं देऊ लागेल ते २०३० नंतर. मधल्या दहा वर्षांचं काय, हा प्रश्न पंचनाम्याच्या कागदावर विचारलेलाच नाही.

आणि तो प्रश्न फक्त वाडीवाल्यांचा नाही. आमच्याकडे सुपारी काढायला येणारा गडी एका पोफळीवर चढला की खाली उतरत नसे. शेंड्याजवळ झोका घ्यायचा आणि शेजारची पोफळ धरायची, असं करत तो पंधरा-वीस झाडं एका दमात उरकायचा. आता झाडांमधे अंतर पडलंय. प्रत्येक झाडाला चढायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं. दिवसाला होणारी झाडं निम्म्यावर आली, मजुरी परवडेना, आणि दोन वर्षांत त्याने हे काम सोडून दिलं. आता तो पनवेलला एका गोदामात आहे. त्याच्या घरातल्या बायका दिवाळीनंतर आमच्या ओटीवर सुपारी सोलायला बसायच्या, त्यांचंही ते काम गेलं. यांच्यापैकी कोणाच्याच नावावर सातबारा नाही, त्यामुळे पंचनाम्यात त्यांना जागाच नव्हती. खरं सांगायचं तर आमच्याही सातबाऱ्यावर अजून आजेसासऱ्यांचं नाव आहे, नऊ हिस्सेदार मुंबई-पुण्याला आहेत, सगळ्यांची संमतीपत्रं गोळा करता करता पहिला हप्ता मिळायला आठ महिने गेले. कोकणात हे घरोघरी आहे. पण माझं नाव निदान एखाद्या हिश्श्यात कुठेतरी बसतं. चढणाऱ्या माणसाचं ते कुठेच बसत नाही.

शिष्टमंडळातल्या महोदयांनो, आता तुमच्याकडे वळते.

तुम्ही ज्याला ‘हानी आणि नुकसान’ म्हणता त्याची व्याख्या मी मुलाकडून समजून घेतली. साधारण असं म्हणतात, की दुरुस्त होऊ शकतं ते नुकसान आणि परत येत नाही ती हानी. कौलं उडाली हे नुकसान. झोका घेऊन झाडं बदलण्याची विद्या शिकायला आता गावात एकही पोरगा तयार नाही, ही हानी. या दोन टोकांच्या मधे पोफळ आहे. ती परत येते, पण दहा वर्षांनी. म्हणून मी म्हणते, फरक करणारी गोष्ट काळ आहे. किती वर्षांत पूर्ववत होईल, आणि होईल की नाही, एवढं विचारलं की नुकसान आणि हानी आपोआप वेगळी होतात. पंचनाम्यात हाच रकाना नाही.

आपल्याला हे नवीन शिकायचं आहे असंही नाही. मोठ्या आपत्तीनंतर जी गरज-पाहणी करतात तिच्या पद्धतीत मोडलेल्या मालमत्तेचं मोल वेगळं आणि पूर्ववत होईपर्यंत बुडत राहणारं उत्पन्न वेगळं धरतात. केरळमध्ये २०१८ च्या पुरानंतर संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांबरोबर अशी पाहणी झाली आणि पुनर्उभारणीला सुमारे ३१,००० कोटी रुपये लागतील असा हिशेब निघाला. पंधराव्या वित्त आयोगानेही राज्य आपत्ती जोखीम व्यवस्थापन निधीतला ३० टक्के वाटा पुनर्प्राप्ती आणि पुनर्बांधणीसाठी वेगळा काढला होता. तातडीची मदत वेगळी आणि परत उभं राहणं वेगळं, हे वरच्या कागदांना मान्य आहे. ते उतरत उतरत तलाठ्याच्या फॉर्मपर्यंत आलेलं नाही. पूल आणि रस्ते यांच्यासाठी अशी पाहणी होते, चौदा गुंठ्यांच्या वाडीसाठी का होत नाही?

जगाच्या पातळीवरची गोष्ट मी माझ्या कुवतीप्रमाणे वाचली आहे. चुकलं तर दुरुस्त करा. १९९१ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या वानुआतू या चिमुकल्या देशाने छोट्या बेटांच्या वतीने म्हटलं, की समुद्र चढून आमचं जे बुडेल त्याचा भार उद्योगधंद्यांनी श्रीमंत झालेल्या देशांनी उचलावा. मान्यता मिळायला बावीस वर्षं लागली. २०१३ मध्ये वॉर्साच्या हवामान परिषदेत या विषयासाठी एक यंत्रणा झाली, पण तिच्यात पैसे नव्हते. २०१५ च्या पॅरिस करारात आठवं कलम याच विषयाचं आलं. मात्र त्याच वेळी सोबतच्या निर्णयात एक परिच्छेद, ५१ क्रमांकाचा, घातला गेला, की या कलमावरून कोणाचं उत्तरदायित्व किंवा भरपाई यांचा दावा निघत नाही.

मराठीत आपण ‘नुकसानभरपाई’ हा एकच शब्द एका श्वासात म्हणतो. पॅरिसमध्ये त्याचे दोन तुकडे केले, नुकसान मान्य केलं आणि भरपाई दाराबाहेर ठेवली. तुम्ही भारतातर्फे यावर वर्षानुवर्षं भांडत आलात, आणि बरोबर भांडलात. ऐतिहासिक जबाबदारी, न्याय, दान नको हक्क हवा, हे तुमचे शब्द मी वर्तमानपत्रात वाचते आणि मला ते पटतात.

पण मग आपल्या घरात काय आहे ते पाहा. आमच्या हातात येणाऱ्या शासन निर्णयाच्या मथळ्यात ‘बाधितांना मदत’ असं असतं. रकमेला ‘सानुग्रह अनुदान’ म्हणतात. अनुग्रह म्हणजे कृपा. संसदेत विचारलं की केंद्राचं ठरलेलं उत्तर असतं, की आपत्ती निधीतली रक्कम तातडीच्या मदतीसाठी आहे, झालेल्या नुकसानीची भरपाई म्हणून नाही. श्रीमंत देश तुम्हाला सांगतात तेच तुम्ही आम्हाला सांगता, महोदय. हे लिहिताना मला आनंद होत नाही. सरकारपुढे पैशाची अडचण आहे, हे मला कळतं. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात नद्यांनी शेतातली माती खरडून नेली, त्यानंतर राज्याने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं आणि खरडलेल्या जमिनीला रोख ४७,००० रुपये हेक्टरी व रोजगार हमीतून तीन लाख असं सांगितलं. जमीन परत घडवायला वेगळे पैसे लागतात हे त्यात मान्य झालं, आणि ते योग्य झालं. पण कोकणाच्या वेळी हा विचार नव्हता, पुढच्या आपत्तीत असेल याची हमी नाही, कारण तो एका पॅकेजपुरता आहे. नियमात यायला हवा तो विचार पॅकेजमध्ये राहिला.

आता हानी आणि नुकसानीसाठी जगाने काढलेल्या निधीविषयी. २०२२ मध्ये इजिप्तच्या परिषदेत तो करायचं ठरलं, ३० नोव्हेंबर २०२३ ला दुबईच्या परिषदेत पहिल्याच दिवशी तो चालू झाला आणि टाळ्या पडल्या. संयुक्त अरब अमिरातींनी आणि जर्मनीने दहा-दहा कोटी डॉलर कबूल केले, अमेरिकेने पावणेदोन कोटी, आणि तीच अमेरिका २०२५ मध्ये निधीच्या मंडळातून उठून गेली. सगळ्या देशांनी मिळून कबूल केलेली रक्कम ८० कोटी डॉलरच्या आसपासच आहे. सुरुवातीच्या टप्प्यात वाटायला काढलेत २५ कोटी डॉलर, म्हणजे दोन हजार कोटी रुपयांच्या थोडे वर. सगळ्या विकसनशील जगासाठी. एकट्या केरळला एका पुरानंतर लागणारे ३१,००० कोटी याच्या शेजारी ठेवून पाहा. त्यातला निम्मा तरी भाग छोट्या बेटांना आणि सर्वांत गरीब देशांना राखून ठेवलाय, आणि तो त्यांचाच आहे, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. वानुआतूच्या माणसाला मागे सरकायला आमच्याएवढी जमीनही नाही.

तेव्हा या निधीतून श्रीवर्धनच्या पोफळींना पैसे येतील अशी आशा धरून मी बसलेली नाही. तरीही मी तुम्हाला लिहिते आहे ते पुराव्यासाठी. २३ जुलै २०२५ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लावजा मत दिलं. पुन्हा वानुआतूनेच ते मागितलं होतं, आणि त्याची सुरुवात पॅसिफिकमधल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी केली होती. न्यायालय म्हणालं, की हवामानाचं रक्षण करणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडलं तर पूर्ण भरपाईची जबाबदारीही येऊ शकते. मात्र कृती आणि नुकसान यांतला संबंध पुरेसा थेट आणि निश्चित दाखवावा लागेल. हे मत बंधनकारक नाही. पण पॅरिसमध्ये दाराबाहेर ठेवलेला भरपाई हा शब्द हेगमध्ये आत आला.

उद्या कधी तुमच्यावर तो संबंध दाखवायची वेळ आली, तर काय दाखवाल? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी दाखवलंय, की २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रात आधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्के जास्त चक्रीवादळं झाली, समुद्र तापल्याचा त्याच्याशी संबंध आहे. हा झाला समुद्राकडचा पुरावा. जमिनीवरचा पुरावा म्हणून तुमच्या हातात अकराव्या दिवशी भरलेला एक फॉर्म असेल, ज्यात माझ्या पंचेचाळीस पोफळी ‘बाधित नाही’ या बाजूला आहेत. समोरचा वकील तोच कागद काढून म्हणेल, की तुमच्याच सरकारने झाडाला ५० रुपये नुकसान ठरवलंय, मग घ्या ५० रुपये. घरात आपण कमी मोजलं ते बाहेर जाऊन जास्त मागता येत नाही.

निसर्ग वादळ हवामान बदलामुळेच आलं असं मी छाती ठोकून म्हणत नाही. वादळं पूर्वीही येत. २००९ चं फयान अजून इथल्या कोळ्यांच्या तोंडी आहे. पण ऑक्टोबर २०१९ ला क्यार समुद्रातून गेलं आणि कापणीला आलेलं भात भिजून उगवलं, जूनला निसर्ग, पुढच्या मेमध्ये तौक्ते, त्याच जुलैत महाड-चिपळूणचा पूर आणि तळियेची दरड. दोन वर्षांच्या आत इतकं. एका धक्क्यातून उठायला दहा वर्षं लागणाऱ्या वाडीला दुसरा धक्का अकरा महिन्यांत बसला तर दोन्हींची बेरीज करून भागत नाही. निसर्गात सैल झालेल्या मुळांचे दोन माड माझ्याकडे तौक्तेत गेले. तौक्तेच्या वाऱ्याला आमच्याकडे तेवढा जोरही नव्हता.

आणखी एक गोष्ट आहे, ती माझ्या वाडीची नाही. पेण-अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे समुद्राला बांध घालून कसलेल्या पट्ट्यात, उधाणाला बांधाला खांड पडते, समुद्राचं पाणी भातखाचरात शिरतं, आणि मीठ धुऊन निघायला कित्येक पावसाळे जातात. काही खाचरं तशीच सोडून दिलीत, त्यांत आता कांदळवन वाढलंय. किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होताहेत. याला कोणी वादळ म्हणत नाही, कारण त्या दिवशी वारा नव्हता. केंद्राच्या मदतीसाठी आपत्तींची एक ठरलेली यादी आहे. चक्रीवादळ आहे, पूर आहे, दरड, गारपीट, अगदी कडाक्याची थंडीही आहे. समुद्राने हळूहळू खाल्लेली किंवा खारवलेली जमीन त्यात नाही. पंधराव्या वित्त आयोगाने धूप रोखण्याला १,५०० कोटी आणि धुपेने उठवलेल्या लोकांच्या पुनर्वसनाला १,००० कोटी सुचवले होते. रक्कम देशभरासाठी होती. खारेपाटातल्या माणसाला विचारलं तर त्याला यातलं काही ठाऊक नसतं.

विम्याचं नाव निघेल, म्हणून तेही बोलते. वाऱ्याने किंवा पावसाने ठरावीक आकडा ओलांडला की पंचनामा न करता पैसे देणारा विमा आता आला आहे. नागालँड सरकारने तो राज्यासाठी काढला आहे. ‘सेवा’ संघटनेने उन्हात काम करणाऱ्या बायकांसाठी काढला, त्यात आपल्या महाराष्ट्रातल्याही बायका आहेत. हे चांगलं आहे. निसर्गानंतरच्या पहिल्या आठवड्यात माझ्या खात्यात असे पाच हजार आले असते तर मी हात जोडले असते. तेव्हा घरात मेणबत्त्यांनाही पैसे नव्हते. सातबारा लागत नाही म्हणून झाडावर चढणाऱ्यालाही तो मिळू शकतो. पण असा विमा पहिल्या आठवड्याचा आहे. आठव्या वर्षाचा विमा कोणी विकत नाही, आणि दर वर्षाआड वादळ येऊ लागलं तर पहिल्या आठवड्याचाही हप्ता आम्हाला झेपणार नाही.

माझ्या मागण्या आता सांगते.

पंचनाम्याच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवा : ‘पूर्ववत होण्यास लागणारी वर्षे’. पोफळीला किती, माडाला किती, हापूसला किती, खारवलेल्या खाचराला किती, हे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाला विचारा; त्यांचं सुपारी संशोधन केंद्र श्रीवर्धनातच आहे. ‘पूर्ववत होणार नाही’ असंही उत्तर त्यात लिहिता आलं पाहिजे. त्या वर्षांच्या हिशेबाने मदत हप्त्याहप्त्याने द्या, पहिला हप्ता लगेच आणि पुढचे झाड लावून जगवलं तर. एकदम मोठी रक्कम मी मागत नाही. मधली वर्षं वाडी विकायची पाळी येऊ नये एवढंच मागते आहे. आमच्या रस्त्यावरच्या तीन वाड्या २०२० नंतर विकल्या गेल्या, तिथे आता पर्यटकांच्या खोल्या आहेत.

दुसरं, फळझाडांचा पंचनामा पुन्हा करा. एका वर्षाने एकदा आणि तीन वर्षांनी एकदा. त्यात उभी राहिलेली झाडंही मोजा. याला फार पैसे लागत नाहीत, एक माणूस, एक दिवस आणि सुतळीचं बंडल लागतं. बाकी मोजणी आम्हीच करून देऊ, वर्षानुवर्षं करतोच आहोत.

तिसरं, वाडीवर राबणाऱ्यांची यादी ग्रामपंचायतीत वादळाआधीच तयार असू द्या. चढणारे, सोलणाऱ्या, शिंपणारे. सातबारा पाहून माणूस शोधू नका.

आणि शिष्टमंडळाने जाताना हे तक्ते सोबत न्यावेत. पुढच्या वेळी कोणी उत्तरदायित्वाचा विषय नको म्हणालं, की त्यांच्यापुढे एका तालुक्याचा तरी पुरा हिशेब असावा : किती झाडं त्या दिवशी पडली, किती नंतर, किती वर्षं उत्पन्न बुडालं, किती माणसं गाव सोडून गेली. असा हिशेब आपण निधीच्या दारात ठेवला तर वानुआतूलाही त्याचा उपयोग आहे. त्यांच्याकडेही माड आहेत.

सोबत माझ्या वहीच्या पाच पानांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत. पहिल्या पानावर ३ जून २०२० ची मोजणी आहे, पुढच्या पानांवर दर मार्चमध्ये केलेली. ज्या झाडावर पिवळा डाग दिसला त्यापुढे फुली आहे, मोडलं त्यापुढे तारीख. शेवटच्या पानावर आजची स्थिती : जुन्या उभ्या पोफळी पंचावन्न, त्यांतल्या आठांवर डाग आहे. त्या आठ कुठल्या, ते उत्तरेच्या कुंपणापासून ओळीने लिहिलं आहे, म्हणजे कोणाला येऊन ताडून पाहायचं असेल तर पाहता येईल. मूळ वही माझ्याकडे आहे.

आपली,
एक वाडीवाली
श्रीवर्धन तालुका, जिल्हा रायगड